हरलेल्या राजाचा गड

मैत्रिणींनो, मी शाळेत अर्धवेळ शिकवते हे तुम्हांला माहीतच आहे. गेल्या वर्षी सातवीच्या वर्गात एका लढाईचा धडा संपवला आणि फळा पुसायला वळले, तोच मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहून म्हणाली, "बाई, जो राजा हरला त्याचं पुढे काय झालं?" धड्यात ते नव्हतं. घंटा झाली आणि मी सुटले. पण संध्याकाळी पोळ्या लाटताना तो प्रश्न पुन्हा पुढ्यात आला. हरलेल्याचं नाव आपण परीक्षेपुरतं पाठ करतो. त्याचं घरदार, त्याची माणसं, त्याने हौसेनं केलेलं काही, यांचं कुठं काय विचारतो?

या नोव्हेंबरात ध्यानीमनी नसताना मला त्याचं थोडंसं उत्तर मिळालं, तेही जपानात. माझी धाकटी जाऊ मृदुला दिरांच्या नोकरीमुळे कोबे शहरात राहते. सासूबाई म्हणाल्या, "जाऊन ये तीन आठवडे, मुलांचं मी बघते." त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी बॅग काढली!

कोबेहून हिमेजीचा प्रसिद्ध पांढराशुभ्र किल्ला जवळ आहे. तो पाहिला, छान वाटला. पण मृदुला म्हणाली, "वहिनी, तुम्हांला पडका गड चालेल का? वर नुसते दगड राहिलेत."

म्हटलं, "अगं, सिंहगड-राजगड चढलेल्या बाईला दगडांचं काय सांगतेस? चल."

त्या गडाचं नाव ताकेदा. हिमेजीहून उत्तरेकडे एक छोटी आगगाडी जाते, वाटेत तेरामाए स्टेशनावर गाडी बदलायची. ताकेदा हे अगदी लहानसं गाव आहे आणि गड स्टेशनाच्या पाठीशीच उभा आहे. डोंगराची उंची ३५३ मीटर, म्हणजे आपल्या सह्याद्रीपुढे काहीच नाही. पण शरद ऋतूत पहाटे खालच्या मारुयामा नदीवर धुकं दाटतं, सगळी दरी भरून जाते आणि वर फक्त गडाचा माथा राहतो. म्हणून त्याला 'आकाशातला किल्ला' म्हणतात. हे दृश्य गडावरून नव्हे, तर समोरच्या रित्सुउन्क्योच्या डोंगरावरून बघायचं असतं.

आम्ही आदल्या दिवशीच जवळ मुक्काम केला आणि पहाटे अंधारात तो समोरचा डोंगर चढलो. थंडी मी म्हणत होती. उजाडलं तेव्हा पुढे सगळं पांढरं. गाव नाही, नदी नाही, गड नाही. मृदुला हिरमुसली. धुकं दरीत राहावं लागतं, ते वरपर्यंत चढलं की सगळंच झाकतं. पण अर्ध्या तासाने ते हळूहळू खाली बसलं आणि आधी एक काळी रेघ दिसली, मग दुसरी, मग पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेले तट. आजूबाजूची माणसं एकदम गप्प झाली. मी शालीत हात लपवून नुसती बघत राहिले.

मग खाली उतरून गड चढलो. स्टेशनामागून पायवाट आहे, पाऊण तासाची, पण पायऱ्या चांगल्याच उभ्या. वर पोचलं की घर एकही नाही, छप्पर नाही, दरवाजा नाही. नुसते तट आणि जोती. उत्तर-दक्षिण चारशे मीटर आणि पूर्व-पश्चिम शंभर मीटर असा त्याचा पसारा आहे. मधोमध बालेकिल्ला आणि त्यापासून तीन बाजूंना पसरलेल्या माच्या. राजगड पाहिलेल्यांच्या डोळ्यांपुढे चित्र लगेच उभं राहील. लांबून बघणाऱ्यांना तो बसलेल्या वाघासारखा वाटला, म्हणून त्याला 'वाघ निजलेला गड' असंही एक नाव आहे.

तट बघण्यासारखे आहेत. दगड घडवलेले नाहीत, जसे मिळाले तसेच. चुना नाही, काही नाही. एकावर एक बसवलेत आणि पाठीमागे लहान दगडांची भर घातलीय, म्हणजे पावसाचं पाणी अडून न राहता झिरपून जातं. ही बिवा सरोवराकाठच्या आनो गावच्या गवंड्यांची पद्धत. चारशे वर्षांवर पाऊस, बर्फ आणि भूकंप सोसून तट उभे आहेत. मात्र हे सगळं फुकट झालं नाही. तट बांधायला आसपासचे शेतकरी इतके राबवले, की भातखाचरांत पाइनची झाडं उगवली, अशी आठवण त्या भागात सांगतात. शेत कसायला घरी माणूसच नाही, तर दुसरं काय उगवणार?

आता गडाची हकिगत. पहिला गड १४४० च्या सुमारास यामाना सोझेन या बड्या सरदाराने बांधला असं मानतात. त्याचे ओतागाकी नावाचे किल्लेदार इथं पिढ्यान् पिढ्या होते. जवळच इकुनोची चांदीची खाण, त्यामुळे सगळ्यांचा डोळा या मुलखावर. १५७७ साली तोयोतोमी हिदेयोशीचा भाऊ हिदेनागा याने गड घेतला आणि १५८० मध्ये ओतागाकींचा अंमल कायमचा संपला. १५८५ पासून गड मिळाला आकामात्सु हिरोहिदे याला. आज दिसणारे दगडी तट बहुतेक त्याच्याच काळातले आहेत.

हा हिरोहिदे गडाचा शेवटचा धनी. तो लढवय्या होताच, पण त्याला ग्रंथांचंही वेड होतं. फुजिवारा सेइका हा त्या काळचा मोठा पंडित त्याचा मित्र. हिदेयोशीने १५९७ मध्ये कोरियावर दुसरी स्वारी केली, तेव्हा कैद करून आणलेल्या लोकांत कांग हांग नावाचा एक कोरियन विद्वान होता. शत्रूचा कैदी! पण हिरोहिदेने आणि सेइकाने त्याला गुरूच्या मानाने वागवलं. कन्फ्यूशियसच्या परंपरेतले ग्रंथ त्याच्याकडून लिहवून घेतले, त्याचा खर्च हिरोहिदेने सोसला. १६०० साली कांग हांग आपल्या मायदेशी परत गेला. पुढे जपानात या विचाराचा जो मोठा प्रवाह वाहिला, त्याच्या उगमाशी सेइकाचं नाव घेतात.

आणि त्याच १६०० साली हिरोहिदेचं सगळं संपलं. सेकिगाहाराच्या लढाईच्या वेळी तो हरणाऱ्या पक्षाकडे होता. पराभवानंतर जिंकलेल्या तोकुगावा इएयासुच्या बाजूने तो तोत्तोरीच्या किल्ल्यावर चालून गेला, म्हणजे आपली माणसं आणि मुलूख वाचेल. लढाईत खालचं गाव जळालं आणि त्याचा दोष हिरोहिदेवर आला. बरोबरच्या दुसऱ्या सरदाराने तो त्याच्यावर ढकलला, असंही सांगतात. इएयासुने हाराकिरीचा हुकूम दिला. हिरोहिदेने चाळिशीही गाठली नव्हती. त्यानंतर ताकेदाला धनी मिळाला नाही. गड ओस पडला आणि छपरं, लाकूड सगळं गेलं.

बालेकिल्ल्याच्या जोत्यावर बसून मी मृदुलाला हे सांगत होते. ती म्हणाली, "वहिनी, म्हणजे एवढे तट बांधले आणि ते त्याच्या उपयोगालाच आले नाहीत!" मी म्हटलं, "हो ना. उपयोगाला आले ते लिहवून घेतलेले ग्रंथ, आणि तेही दुसऱ्यांच्या." ती काही बोलली नाही. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली आणि निघालो.

उतरताना गावातल्या देवळांच्या गल्लीत होजूजी नावाचं बौद्ध मंदिर लागलं. तिथं हिरोहिदेची समाधी आहे. साधासा दगड. चार शतकांमागे बदनामी होऊन मेलेल्या माणसाला गावाने मात्र जवळ केलं.

गडावर १९४३ पासून सरकारी संरक्षण आहे. तरी अलीकडे त्याला नवा धोका झाला, तो आपल्यासारख्यांचाच. धुक्यातली छायाचित्रं गाजली आणि २०१४ च्या सुमारास वर्षाला पाच लाखांवर माणसं येऊ लागली. इतक्या पायांनी गवत मेलं आणि माती वाहून चालली. शेवटी वाटांवर चटया अंथरल्या, दोर बांधले आणि ठरलेल्या वाटेनेच फिरायचा नियम केला. मला आपले गड आठवले आणि तटाच्या कडेवर उभं राहून फोटो काढणारी आपली मंडळीही!

तुमच्यापैकी कुणी मुलाकडे, भावाकडे जपानात जाणार असेल तर चार गोष्टी सांगून ठेवते. धुकं बघायचं तर ऑक्टोबर-नोव्हेंबर बरा, आणि आदला दिवस उघडा व रात्र थंड असेल तर आशा जास्त. जानेवारी-फेब्रुवारीत गड बंद असतो. साडी नको, पंजाबी ड्रेस आणि पकड असलेले बूट हवेत. चपला तर मुळीच नकोत, दव पडलेल्या पायऱ्या निसरड्या असतात. अंगात एकच जाड स्वेटर घालण्यापेक्षा दोन पातळ घाला, चढताना एक काढता येतो. विजेरी, पाणी आणि कोरडा डबा बरोबर ठेवा, आणि एक रिकामी पिशवीही. तिथं कचऱ्याचे डबे सहसा नसतात, आपला कचरा आपण परत आणायचा.

परत आल्यावर त्या मुलीला मी बोलावून घेतलं. ती आता आठवीत गेलीय. हिरोहिदेची गोष्ट सांगितली. तिने सगळी ऐकून घेतली आणि विचारलं, "बाई, मग त्या कोरियन गुरुजींना कळलं असेल का, की आपला मित्र मेला?"

घ्या! पुन्हा मी फळ्याकडे वळले.