कमरेखाली हात नाही!

चैत्र लागला की करवीर तालुक्यात जत्रांचा हंगाम उभा राहतो. हलगी कडाडते, लाल माती पाणी मारून मऊ केली जाते आणि पंचक्रोशीतले पैलवान जोड ठरवायला मैदानाकडे निघतात. अशा एखाद्या मैदानात बसलेल्या जाणत्या माणसाला सहज विचारून बघा, "ग्रीको-रोमन कुस्ती कशी असते हो?" दहातले आठ जण मान हलवतील. एखादा म्हणेल, "ती व्हय, पाय न लावता खेळायची." तेवढ्यावर विषय संपतो. आणि गंमत बघा, आशियाई क्रीडा स्पर्धेत या प्रकारातलं सुवर्ण भारताला आणून दिलं ते आपल्याच कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत घडलेल्या पैलवानानं. गणपतराव आंदळकर त्यांचं नाव.

गणपतराव मूळचे सांगली जिल्ह्यातल्या शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे. जन्म १९३५ चा. कुस्तीसाठी कोल्हापूर गाठलं आणि मग ते कोल्हापूरचेच झाले. १९६० साली पंजाबच्या खडकसिंगला हरवून त्यांनी हिंदकेसरीची गदा उचलली. ही गोष्ट आपल्याकडे पोराटोरांना पाठ असते. पण त्यानंतर दोनच वर्षांनी जाकार्तात जे घडलं, ते मात्र फारसं कुणी सांगत नाही. १९६२ च्या त्या स्पर्धेत ९७ किलोवरील गटात त्यांनी ग्रीको-रोमनचं सुवर्ण घेतलं आणि फ्री स्टाईलचं रौप्यही. त्याच स्पर्धेत कवठेपिरानच्या मारुती मानेंनी ९७ किलो गटात फ्री स्टाईलचं सुवर्ण आणि ग्रीको-रोमनचं रौप्य मिळवलं. म्हणजे वारणा-कृष्णेच्या काठचे दोन गडी, दोन्ही प्रकारांत उतरले आणि चार पदकं घेऊन आले.

आता हा प्रकार नेमका काय, ते आधी समजून घेऊ. कमरेखाली प्रतिस्पर्ध्याला धरायचं नाही आणि डाव मारताना पायाचा वापर करायचा नाही, हा त्याचा मूळ नियम. ऐकायला सोपं वाटतं. पण आपल्या पैलवानाला विचारा. एकेरी पट गेला, दुहेरी पट गेला, आतली टांग, बाहेरची टांग, आकडी सगळं गेलं. मांडीत हात घालून उचलायची ती कलाजंग, तीही गेली. राहिलं काय? छातीला छाती भिडवून मिठी मारायची, काखेत हात घालायचा, कंबर जवळ घेऊन गडी उचलून मागं फेकायचा. खाली आलेल्याला कमरेची पकड घालून भारंदाजावर फिरवायचा. धोबीपछाड चालते, पण पायाचा अडथळा न लावता. सगळा भार पाठ, मान, खांदे आणि मनगट यांच्यावर.

नावावरून हा खेळ ग्रीक आणि रोमन लोकांचा असेल असं वाटतं, पण तसं नाही. आजच्या नियमांची कुस्ती एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये घडली आणि जुन्या वैभवाची आठवण म्हणून नाव तेवढं ग्रीस-रोमचं चिकटलं. खरी रोमची आठवण आपल्या कोल्हापुरातच आहे! शाहू महाराज १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोमचा आखाडा बघून आले आणि १९१२ पर्यंत त्यांनी खासबागचं मैदान उभं केलं. कुठंही बसा, मधला हौदा दिसतो. मैदान रोमच्या धर्तीचं आणि त्यात रोमच्या नावाची कुस्तीच नाही, असा हा योग.

मग गणपतरावांना ही कुस्ती साधली कशी? माझं मत विचाराल तर त्याचं उत्तर जुन्या मातीच्या कुस्तीत आहे. तेव्हा गुण मोजायची घाई नव्हती. खडाखडी चालायची, मान खेचाखेचीत समोरच्याचा दम जोखला जायचा, अर्धा-अर्धा तास गडी एकमेकांना रेटायचे. हजारांत जोर-बैठका मारलेला, हौद्यातली माती रोज फावड्यानं उकरलेला पैलवान कमरेवर आपसूकच लोखंड व्हायचा. त्याच्याकडून पट काढून घेतला तरी त्याच्याजवळ शिल्लक बरंच राहायचं. त्याबरोबर हेही खरं की उझबेकिस्तान, कझाकस्तान, किरगिझस्तान ही आजची दादा मंडळी तेव्हा सोव्हिएत संघात होती, आशियाई स्पर्धेत नव्हती. त्यानं गणपतरावांचं सुवर्ण हलकं होत नाही. पण आजच्या पोराला त्याच सुवर्णासाठी कितीतरी अवघड वाट चालावी लागते, हे मात्र कळतं.

गणपतराव १९६४ साली टोकियो ऑलिम्पिकला गेले. त्याच वर्षाचा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. पुढं मोतीबागेत ते वस्ताद झाले आणि दादू चौगुलेंसारखे मल्ल त्यांच्या हाताखाली तयार झाले. पण चौगुलेंनीही १९७४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेतलं रौप्य घेतलं ते फ्री स्टाईलमध्ये. १६ सप्टेंबर २०१८ ला पुण्यात गणपतरावांचं निधन झालं. हिंदकेसरी म्हणून त्यांचा वारसा सांगणारे गावोगाव आहेत. ग्रीको-रोमनचा वारसा मात्र तालमीच्या उंबऱ्यातच थांबला.

याचं कारण शोधायला लांब जायला नको. समजा, गडमुडशिंगीतला एक चौदा वर्षांचा पोरगा आहे. बापाची जमीन थोडी. उजळाईवाडीच्या विमानतळाच्या विस्तारानं इथल्या शेतीचं काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. घरात एक म्हैस, तिचं दूध पोराच्या खुराकाला. बदाम, तूप, थंडाईचा खर्च भागवायचा तर जत्रेतल्या कुस्त्या मारल्या पाहिजेत. आणि जत्रेत कुस्ती कोणती? मातीतली, चितपटीची, पट काढायची. ग्रीको-रोमनची जोड लावा म्हटलं तर यात्रा कमिटी हसेल. वरच्या पायरीवरही तेच. महाराष्ट्र केसरीला माती आणि गादी असे दोन विभाग आहेत, पण दोन्हीकडं पाय धरायची मुभा. २०२३ च्या जानेवारीत पुण्यात शिवराज राक्षेला गदेबरोबर थार गाडी मिळाली. असं बक्षीस, अशी मिरवणूक ग्रीको-रोमनच्या वाट्याला कधी आली? म्हणून बाप म्हणतो, "पोरा, पटाची तयारी कर." त्या बापाला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

पण हिशेबाची दुसरी बाजूही तुमच्यापुढं मांडायला हवी. ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या कुस्तीचे बारा वजनगट असतात, त्यातले सहा ग्रीको-रोमनचे. म्हणजे निम्मा बाजार आपण उघडलेलाच नाही. फ्री स्टाईलमध्ये हरियाणा, दिल्लीच्या पोरांची रांग केवढी लागते, हे राष्ट्रीय स्पर्धेला गेलेल्याला ठाऊक आहे. ग्रीको-रोमनमध्ये ती रांग तुलनेनं आखूड. आणि सेनादल दोन्ही प्रकारांचे मल्ल घेतं, तिथली नोकरी म्हणजे खुराकाची चिंता मिटली.

देशातही हा प्रकार अगदीच कोरडा नाही. २०१३ च्या जागतिक स्पर्धेत संदीप तुलसी यादवनं ६६ किलोत कांस्य घेतलं, ग्रीको-रोमनमधलं भारताचं ते पहिलं जागतिक पदक. २०२० मध्ये दिल्लीत सुनीलकुमारनं ८७ किलोत आशियाई अजिंक्यपद मिळवलं, ते २७ वर्षांनी. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २०२३ साली त्यानंच कांस्य घेतलं, ते १३ वर्षांनी. अलीकडं विश्वजित मोरे या मराठी मल्लानं २३ वर्षांखालील जागतिक स्पर्धेत ५५ किलो गटात २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन कांस्यं आणली. शाबास म्हणावं अशीच ही कामगिरी. पण यातली मेख बघा. ५५ किलो हा ऑलिम्पिकचा गट नाही. तिथं सुरुवात ६० पासून, मग ६७, ७७, ८७, ९७ आणि १३०. म्हणजे पोरगं लहान असतानाच वस्तादानं त्याचं हाड बघून ठरवलं पाहिजे की हा कुठल्या गटापर्यंत भरेल.

आणि तो सर्वांत वरचा गट, ज्याच्या जागी एके काळी आपले गणपतराव उभे होते, तिथं क्युबाच्या मिहाईन लोपेझनं २००८ पासून २०२४ पर्यंत सलग पाच ऑलिम्पिक सुवर्णं घेतली. पॅरिसला शेवटची कुस्ती मारल्यावर त्यानं बूट काढून मॅटच्या मध्यभागी ठेवले आणि अनवाणी उतरला. क्युबा म्हणजे काही श्रीमंत मुलूख नव्हे. ऊस पिकवणाराच देश आहे तो, आपल्यासारखा.

यात्रा कमिट्यांना एक सुचवावंसं वाटतं. पन्नास-साठ कुस्त्या लावता, त्यातल्या दोन जोडी, तेही लहान गटाच्या, "कमरेखाली हात नाही" या अटीवर लावून बघा. माईकवर नियम आधी नीट सांगा, नाहीतर गडी पट काढायला वाकला की पंच अडवणार आणि लोक पंचालाच शिव्या घालणार. इनाम मोठं नको. तालमीत त्यासाठी वेगळं काही लागत नाही. एक मॅट आणि फेकायच्या सरावाला जुन्या ताडपत्रीत चिंध्या भरून शिवलेला माणसाएवढा बाहुला, बस्स. गांधीनगरची कापडपेठ गडमुडशिंगीच्या शेजारीच आहे, चिंध्यांना तोटा नाही.