ॲप शिवून घेताना माप कोणाचे घ्यावे?

दुकानाचे स्वतःचे ॲप असावे, गिऱ्हाइकाने त्यात माल पाहावा, ऑर्डर द्यावी, उधारीचा हिशेब तपासावा, असे आज वाशिम, कारंजा, मंगरूळपीर किंवा रिसोडच्या व्यापाऱ्यालाही वाटते. विचार चांगलाच आहे. मात्र ॲप बनविणारा पहिल्याच भेटीत सांगतो, "एकदाच बनवू, अँड्रॉइडवरही चालेल आणि आयफोनवरही." एका खर्चात दोन नग म्हटले की व्यापाऱ्याचे मन वळते. तेथेच थोडे थांबण्याची गरज आहे.

मुद्दा समजून घेणे कठीण नाही. ॲपमध्ये बोट लावायची बटणे, लिहायचे रकाने, तारखेची चौकट, मालाची यादी असे भाग असतात. हे भाग प्रत्येक फोनमध्ये तयार असतात. त्यांना फोनच्या घरचे भाग म्हणू. अँड्रॉइडचे वेगळे, आयफोनचे वेगळे. दोन्हींसाठी स्वतंत्र ॲप केले तर घरचेच भाग मिळतात, पण काम दोनदा करावे लागते. एकाच कामात दोन्ही फोन साधण्याच्या पद्धतीही आहेत. फेसबुकने २०१५ साली आणलेली रिॲक्ट नेटिव्ह ही पद्धत फोनकडून त्याचेच भाग मागून घेते. गुगलच्या फ्लटरची पहिली पक्की आवृत्ती डिसेंबर २०१८ मध्ये आली. ही पद्धत बटणापासून यादीपर्यंत सर्व काही पडद्यावर स्वतः रंगवते.

कापडवाल्याच्या भाषेत सांगायचे तर पहिला मापाचा सदरा आहे आणि शेवटचा फ्री साइजचा. फ्री साइजचा माल वाईट असतो असे कोणी म्हणणार नाही. गुगल पेसारखे मोठे ॲपही नंतर फ्लटरवर नव्याने बांधले गेले. रंगवलेल्या भागांचा एक फायदाही आहे : जुन्या आणि नव्या फोनवर ते सारखेच दिसतात. परंतु मोठ्या कंपनीजवळ प्रत्येक काज-बटण तपासणारी माणसे असतात. आपल्याजवळ ती नसतात.

आता आपल्या गिऱ्हाइकाकडे पाहू. भारतात शंभरात नव्वदहून अधिक फोन अँड्रॉइडचे आहेत. मानोरा किंवा मालेगावच्या बाजारात आयफोनवाला गिऱ्हाईक किती वेळा येतो, हे प्रत्येकाने आपल्या गल्ल्यावर बसून मोजावे. शंभरातले दोन-चार असतील, तर "दोन्हींवर चालेल" ही बचत न विकल्या जाणाऱ्या मालावरच्या सवलतीसारखी आहे. शिवाय ॲप दुकानात ठेवण्याचे भाडेही वेगळे. गुगल एकदाच २५ डॉलर घेते, तर ॲपल दरवर्षी ९९ डॉलर घेते.

दुसरा प्रश्न लिपीचा. आपल्या वाचकांत मराठी लिहिणारे आहेत, तसेच माझ्यासारखे उर्दू शाळेत शिकलेलेही आहेत. नस्तालीकची अक्षरे वरून खाली उतरत जातात आणि ओळीला जास्त उंची लागते. देवनागरीत वर मात्रा, वेलांटी, रफार आणि खाली उकार. इंग्रजी अक्षराच्या मापाने कापलेल्या चौकटीत दोन्ही लिप्या वर-खाली छाटल्या जातात. एका ठोक व्यापाऱ्याच्या ॲपमध्ये मी उर्दूत नाव लिहिले, तेव्हा नुक्ते चौकटीबाहेर गेले आणि आकडा नावावर चढला. बिल कोणाचे, हे समजेना. अँड्रॉइडमध्ये उजवीकडून डावीकडे मांडणीची सोय २०१२ सालच्या ४.२ आवृत्तीपासून आहे. फ्लटरमध्येही ती सोय आहे. पण कारागिराने स्वतः रंगवलेला प्रत्येक रकाना वेगळा तपासावा लागतो, आणि स्वस्तात काम घेणारा नेमके तेच टाळतो.

तिसरी गोष्ट वयस्कर कारागिरांची. जरीकाम किंवा शिवणकाम करून नजर कमी झालेला माणूस फोनची अक्षरे मोठी करून ठेवतो. कोणी टॉकबॅक सुरू करून फोनकडून वाचून घेतो. फोनच्या घरचे बटण टॉकबॅकला आपोआप ओळखता येते. हाताने रंगवलेल्या बटणाला नाव द्यायचे राहिले, तर आवाज नुसता "बटण" म्हणतो. मजुरीचा हिशेब ज्या ॲपमध्ये आहे, तेथे असे चालणार नाही. हिशेब वाचता न येणाऱ्याला दुसऱ्याच्या शब्दावर अवलंबून राहावे लागते.

मोठ्यांचा अनुभवही पाहावा. घरे भाड्याने देणाऱ्या एअरबीएनबी या अमेरिकन कंपनीने २०१६ साली रिॲक्ट नेटिव्ह स्वीकारले आणि जून २०१८ मध्ये ते सोडत असल्याचे जाहीर केले. दोन कामांचे एक होईल अशी आशा होती, प्रत्यक्षात तीन आघाड्या सांभाळाव्या लागल्या. ॲपलने सप्टेंबर २०२५ मध्ये आयओएस २६ आणून बटणांचे रूपच बदलले. ॲप नव्याने बांधले की फोनच्या घरच्या भागांना हे रूप मिळते. रंगवलेले भाग मात्र जुन्याच वेषात राहतात.

तेव्हा माझे मत स्पष्ट आहे. गिऱ्हाईक जवळपास सर्व अँड्रॉइडवाले असेल तर अँड्रॉइडचेच, घरच्या भागांचे ॲप करून घ्यावे. पुण्या-मुंबईचे किंवा आखाती देशांतले आयफोनवाले खरेदीदार खरोखर असतील, तर घरचेच भाग मागून घेणारी पद्धत निवडावी. केवळ साड्यांचे, ड्रेसचे नमुने दाखवायचे असतील तर रंगवलेले ॲपही चालेल. पैसा आणि नाव जेथे लिहिले जाते, तेथे मात्र फोनचे स्वतःचे रकाने हवेत.

शेवटचा हप्ता देण्यापूर्वी आपल्या कारागिरांपैकी सर्वांत स्वस्त फोन ज्याच्याजवळ असेल, त्याचा फोन मागून घ्या. अक्षरे सर्वांत मोठी करा. एक नाव मराठीत, एक उर्दूत लिहा. टॉकबॅक लावून डोळे मिटून एक ऑर्डर द्या. हे सर्व त्या कारागिरालाच करू द्या, बनविणाऱ्याला नव्हे. त्याला जमले तर हप्ता जरूर द्या. न जमल्यास माल परत करताना संकोच बाळगू नका.