चाकणचा खरा काउबॉय कोण?

१/ चैत्रात यात्रांचा हंगाम सुरू झाला की खेड, मावळ, जुन्नर, आंबेगाव तालुक्यांतले घाट गुलालाने माखतात. समालोचकाची लांबवलेली 'भिर्रर्र' आरोळी, बैलांची धाव आणि काही सेकंदांत संपणारी बारी. तिच्या चित्रफिती आणि गाणी चाकणच्या कारखान्यांतून पाळी संपवून परतणाऱ्या तरुणांच्या मोबाइलवर रात्रभर फिरत असतात. फेटा बांधलेला, गॉगल लावलेला, खिल्लार बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभा असलेला गाडामालक हा या पट्ट्याचा आजचा लोकनायक आहे.

२/ या नायकाकडे पाहून अमेरिकेतला काउबॉय आठवणे स्वाभाविक आहे. जनावर, माती, मर्दानी डौल आणि त्यावर रचलेली गाणी, सारेच जुळते. मात्र काउबॉय प्रत्यक्षात कोण होता हे तपासले, तर त्याचा चाकणमधला वारसदार गाडामालक ठरत नाही. तो मान दुसऱ्याच कोणाचा आहे. हा धागा त्या दुसऱ्याविषयी.

३/ 'काउबॉय' या शब्दाला सरळ मराठी प्रतिशब्द आहे गुराखी. मराठीत गुराखी म्हटले की अनवाणी पोर डोळ्यांपुढे येते. काउबॉय म्हटले की घोड्यावरचा वीर. काम मात्र एकच, दुसऱ्याची गुरे सांभाळणे. मग एकाच्या वाट्याला दैन्य आणि दुसऱ्याच्या वाट्याला दंतकथा का आली? याचे उत्तर कामात सापडत नाही. ते काम संपल्यानंतर उभ्या राहिलेल्या कादंबऱ्या, खेळ, चित्रपट आणि गाणी यांच्या बाजारात सापडते.

४/ अमेरिकन यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले. टेक्सासमध्ये गुरे उदंड आणि स्वस्त होती, उत्तरेकडील शहरांत मांसाला चढा भाव होता. १८६७ पासून कॅन्ससमधील ॲबिलीनच्या रेल्वेस्थानकापर्यंत कळप हाकत नेले जाऊ लागले. हा प्रवास शेकडो मैलांचा आणि काही महिन्यांचा असे. हाकणारे हंगामी मजूर होते. खोगीर त्यांचे स्वतःचे, घोडा बहुधा मालकाचा. कळप विकला गेला की कामही संपे.

५/ हे मजूर पडद्यावर दिसतात तसे सगळे गोरेही नव्हते. अनेक इतिहासकारांच्या अंदाजानुसार त्यांच्यातील सुमारे एक चतुर्थांश कृष्णवर्णीय होते, आणि मेक्सिकन गुराख्यांची संख्याही मोठी होती. मुळात हा धंदाच मेक्सिकन 'वाकेरो'कडून शिकलेला. रँच, रोडिओ, लॅरिएट हे शब्द स्पॅनिशमधून आलेले आहेत. दंतकथेने शब्द ठेवले आणि माणसे वगळली.

६/ १८८३ हे वर्ष लक्षात ठेवावे. त्या वर्षी टेक्सासच्या उत्तर भागातील काउबॉयांनी संप केला. त्यांचा पगार महिना २५ ते ४० डॉलर होता. मागणी ५० डॉलरची होती. संप फसला आणि अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. त्याच वर्षी बफेलो बिलने आपला 'वाइल्ड वेस्ट' हा खेळ सुरू केला आणि प्रेक्षकांनी तिकीट काढून काउबॉयला टाळ्या वाजवल्या. एकाच वर्षात खरा काउबॉय संपात हरला आणि नकली काउबॉय रंगमंचावर जिंकला.

७/ मूळ धंदा जेमतेम दोन दशके टिकला. जोसेफ ग्लिडनच्या काटेरी तारेला १८७४ मध्ये पेटंट मिळाले आणि खुली कुरणे कुंपणात गेली. १८८६-८७ च्या भीषण हिवाळ्यात असंख्य गुरे दगावली. १८९० च्या जनगणनेनंतर 'सरहद्द संपली' असे अधिकृतपणे म्हटले गेले. काउबॉयचे महाकाव्य लिहायला सुरुवात झाली ती यानंतर.

८/ ओवेन विस्टरची 'द व्हर्जिनियन' ही कादंबरी १९०२ मध्ये आली. लेखक फिलाडेल्फियाचा, हार्वर्डमध्ये शिकलेला. अर्पणपत्रिका अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना. नायक काउबॉय आहे, पण कादंबरीत गुरे राखण्याचे काम जवळजवळ नाहीच. नायक मालकाच्या बाजूने गुरेचोरांना फासावर चढवतो आणि क्रमाक्रमाने स्वतःच मालकांच्या पंगतीला जाऊन बसतो. संप करणाऱ्या मजुराला साहित्यात मिळालेली जागा ही अशी.

९/ संगीतातही हेच घडले. १९२० च्या दशकात ध्वनिमुद्रित झालेले कंट्री संगीत मुख्यतः दक्षिणेकडील शेतकरी, गिरणी कामगार आणि खाणकामगार यांचे होते. त्याचा आरंभीचा मोठा गायक जिमी रॉजर्स रेल्वेत काम केलेला होता. पुढे १९३० च्या दशकात जीन ऑट्रीसारखे गाणारे काउबॉय पडद्यावर गाजले आणि कधीही कळप न हाकलेल्या गायकांच्या डोक्यांवर रुंद टोप्या आल्या. गिरणी कामगाराचे गाणे गुराख्याच्या पोशाखात विकले गेले.

१०/ आता पुण्याकडे वळू. वर्ष तेच, १८८३. जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' त्याच वर्षी पूर्ण केला. त्या ग्रंथात डौलदार बैलजोडीचे कौतुक नाही. कर्ज आहे, उपासमार आहे, आणि गुरांची चराऊ राने जंगलखात्याने बळकावल्याची तक्रार आहे. अमेरिकेत काटेरी तारेने जे केले, ते येथे सरकारी खात्याने केले. फुल्यांच्या हाती असूड होता, तो बैलाच्या पाठीसाठी मात्र नव्हता.

११/ महाराष्ट्रातही गुरे हाकणाऱ्यांचा मोठा इतिहास आहे. 'खिल्लार' या शब्दाचा मूळ अर्थच गुरांचा कळप. तो राखणारा खिल्लारी. धान्य आणि मीठ हजारो बैलांवर लादून दख्खनभर फिरणारे बंजाऱ्यांचे तांडे रेल्वे येईपर्यंत व्यापाराचा आणि फौजांच्या रसदीचा कणा होते. आज खिल्लार हे नाव बैलाच्या जातीपुरते उरले. खिल्लारी विस्मरणात गेला, आणि बंजाऱ्याला ब्रिटिशांनी गुन्हेगार ठरवले.

१२/ गावात बैलांची खरी सोबत सालगड्याची होती. पाडव्याला साल ठरायचे आणि पुढल्या पाडव्याला संपायचे. पहाटेची वैरण, पाणी, नांगर, मोट, पेरणी, सारे त्याच्या अंगावर. शेणगोठ्याचे काम घरच्या आणि मजूर बायकांकडे. पोळ्याला बैल सजायचे आणि मिरवणुकीत मान असायचा मालकाच्या जोडीला. सालगड्याचे नाव ना पोवाड्यात आले, ना सातबाऱ्यावर.

१३/ हा सातबारा पुढे निर्णायक ठरला. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. १९६१ चा औद्योगिक विकास कायदा आणि १९६२ मध्ये स्थापन झालेले महामंडळ यांच्यामार्फत जमिनींचे संपादन सुरू झाले. १९७० मध्ये पिंपरी-चिंचवड नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महापालिका. पुढे चाकण परिसरात वाहन उद्योग पसरला. भरपाई कमी मिळो वा जास्त, ती कागदावर हक्क असलेल्यालाच मिळाली. त्याच रानात आयुष्य घालवलेल्या सालगड्याला जमिनीच्या किमतीत वाटा नव्हता.

१४/ औताचा बैलही या काळात मागे पडला. २०१९ च्या पशुगणनेत देशातील नर गोवंशाची संख्या २०१२ च्या तुलनेत सुमारे ३० टक्क्यांनी घटलेली आढळली. ट्रॅक्टरने नांगर घेतला, टेम्पोने गाडी घेतली. चाकणचा शनिवारचा बाजार आजही भरतो, परंतु शर्यतीच्या बैलाची किंमत आता त्याने नांगरलेल्या एकरांवर ठरत नाही. बैल कामातून उठला आणि प्रतिष्ठेत शिरला.

१५/ याच वळणावर न्यायालयीन लढाई झाली. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. या साऱ्या काळात 'शेतकऱ्याची परंपरा' हे शब्द अखंड घुमत राहिले.

१६/ ग्रामदैवताच्या यात्रेत गाडे पळवण्याची रीत जुनी आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. पण मे २०२२ मध्ये चिखलीच्या शर्यतीत बक्षीस म्हणून जेसीबी ठेवला गेला. बैलांनी जिंकलेले ते यंत्र याच पट्ट्यात शेताचे बांध सपाट करून गोदामांचे पाये खोदत असते. ही जुनी रीत असल्याचे सांगणे म्हणजे 'वाइल्ड वेस्ट'च्या खेळाला गुराख्याची दिनचर्या म्हणणे होय.

१७/ दुसऱ्या बाजूचीही झाडाझडती आवश्यक आहे. शर्यतीत बैलाला होणाऱ्या इजेचा प्रश्न खरा आहे आणि नियम पाळले जावेत ही मागणी रास्त आहे. परंतु बैलाच्या शेपटीसाठी हळहळणाऱ्या अनेक शहरी लेखण्यांना, बैल पोसणारा माणूस कोणत्या मजुरीवर जगतो याची चौकशी करावीशी वाटली नाही. एका बाजूला फक्त मालक दिसतो, दुसऱ्या बाजूला फक्त बैल. मधला माणूस दोघांनाही दिसत नाही.

१८/ तो मधला माणूस आज कोठे आहे? चाकणच्या चौकात सकाळच्या पाळीच्या वेळी उभे राहिले की दिसतो. पाठीवर पिशवी, गळ्यात ठेकेदाराचे ओळखपत्र. कोणी मराठवाड्यातून आलेला, कोणी विदर्भातून, कोणी बिहार किंवा ओडिशातून. औद्योगिक विवाद कायद्यात २४० दिवसांच्या कामाने सलग सेवा मोजली जाई. म्हणून सातव्या महिन्याच्या सुमारास 'ब्रेक' देण्याची रीत या पट्ट्यात प्रत्येक कंत्राटी कामगाराला ठाऊक आहे.

१९/ आता तुलना पुन्हा करावी. हंगामापुरते काम, मालकाचे साधन, दूरचा मुलूख, काम संपताच सुट्टी. टेक्सासचा काउबॉय, गावचा सालगडी आणि चाकणचा कंत्राटी कामगार ही एकाच घराण्याची तीन पाती आहेत. गाडामालकाचे साधर्म्य असलेच तर ते रँचच्या मालकाशी आहे.

२०/ आक्षेप येईल की गाडामालकही सगळे धनाढ्य नसतात; कित्येक घरे कर्ज काढून, पोटच्या पोराप्रमाणे बैल वाढवतात. हे खरे आहे. त्या घरांची माया खोटी नाही, आणि जमीन गेल्यावर उरलेली पोकळी तर मुळीच खोटी नाही. परंतु त्या पोकळीतून उभी राहिलेली प्रतिमा जेव्हा 'या मातीचा खरा पुत्र कोण' हे ठरवू लागते, तेव्हा ती निरुपद्रवी राहत नाही. त्या मोजपट्टीने शेजारच्या खोलीत दाटीवाटीने राहणारा कामगार कायमचा 'बाहेरचा' ठरतो, आणि गावातल्याच भूमिहीनालाही पुत्रत्व मिळत नाही.

२१/ मराठी साहित्याने एकदा हा मोह टाळला होता. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (१९५५) धनगरांची वाडी आहे. मेंढरे आहेत, दुष्काळ आहे आणि शेवटी रिकामी होत गेलेली घरे आहेत. पिस्तूल नाही, फेट्याचा रुबाब नाही, तरीही ती माणसे विसरता येत नाहीत. जनावरांबरोबर जगणाऱ्यांची गोष्ट त्यांना नायक न बनवताही सांगता येते, याचा हा पुरावा.

२२/ इतिहासाची आवड असलेल्या तरुणांनी शर्यत पाहू नये, असे येथे सुचवायचे नाही. घाटावर जावे, आणि पुकारलेल्या मालकाच्या नावानंतर बैलाला वैरण घालणाऱ्याचेही नाव विचारावे. गावात एखादा म्हातारा सालगडी हयात असेल तर त्याच्या सालाचा हिशेब उतरवून घ्यावा. कंत्राटी कामगाराची पगारचिठ्ठी, ओळखपत्र आणि ब्रेकची तारीख जपून ठेवावी. चाकणच्या इतिहासाची अस्सल साधने तीच आहेत. टेक्सासच्या संपकऱ्यांची कागदपत्रे कोणीतरी शोधली, म्हणून आज त्यांच्याविषयी बोलता येते.

#धागा #चाकण #कामगारांचा_इतिहास