मागच्या चाकाला तेल दिसतंय? आधी कारण शोधा, मगच सील बदला



आज औषध-फवारणीचा सल्ला नाही. विषय पिकअपचा आहे, आणि थोडं परखड लिहितोय. राग मानू नका.

टोमॅटोचे तोडे चालू आहेत. आपल्यापैकी बरेच जण नारायणगावच्या मार्केटला माल न देता ओतूरवरून माळशेज उतरून कल्याण-वाशीला नेतात. संकलन केंद्रावर गाड्या भरायला लागतात तेव्हा मी सहज मागच्या चाकांकडे आतल्या बाजूने बघतो. बऱ्याच गाड्यांचं चाक आतून काळं, ओलं, धूळ चिकटून चिखल झालेलं असतं. विचारलं की उत्तर ठरलेलं: "थोडं तेल गळतंय हो, सीझन झाला की बघू."

माझं म्हणणं असं की हा प्रश्न तेलाचा नाहीच, ब्रेकचा आहे. एक्सलचं सील गेलं की गिअर ऑइल ड्रममध्ये उतरतं आणि लायनरवर बसतं. मग एका बाजूचं चाक धरतं आणि दुसरं धरत नाही. पावसात, धुक्यात, उतारावर भरलेल्या गाडीची मागची बाजू आडवी जायला तेवढं पुरतं. हँडब्रेकही त्याच चाकांवर असतो, हे लक्षात घ्या.

आधी गळतंय काय ते ओळखा. बोटाला लावून बघा. गिअर ऑइल जाड असतं, चिकट असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. ब्रेक ऑइल पातळ असतं आणि पाण्याने धुऊन जातं. ब्रेक ऑइल असेल तर दोष व्हील सिलिंडरचा आहे आणि ती गाडी जागेवरून हलवायचीच नाही. बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची डबी बघा, पातळी खाली गेलेली दिसेल.

गिअर ऑइल असेल तर कुठून येतंय ते शोधा. हौसिंग डिझेल आणि ब्रशने स्वच्छ धुवा, पुसून कोरडं करा, वर खडूची पूड किंवा साधी टाल्कम पावडर मारा आणि दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवून आणा. ओला डाग जिथून सुरू होतो तिथे दोष. मधल्या गोळ्याच्या पुढच्या तोंडाला, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट जिथे जोडलाय तिथे ओलं असेल आणि वर गाडीच्या तळालाही तेलाचे फवारे उडालेले असतील, तर पिनियनचं सील. गोळ्याच्या जोडावर असेल तर पॅकिंग. कधी नुसता ड्रेन नट सैल असतो किंवा त्याचा वायसर दबलेला असतो. चाकाच्या आत असेल तर एक्सलचं सील.

आता मुख्य गोष्ट. मी स्वतः एका हंगामात एकाच चाकाचं सील दोनदा बदललं. दोन्ही वेळा महिनाभरात परत गळती. तिसऱ्या मिस्त्रीने सील काढायच्या आधी हौसिंगवरचा ब्रीदर काढून दाखवला. मातीने गच्च बसलेला! गाडी चालली की आतलं तेल आणि हवा तापते, हवा फुगते. तिला बाहेर पडायला ब्रीदरची एवढीशी वाट असते. ती बंद झाली की दाब सीलच्या ओठावर येतो आणि चांगलं नवं सीलही तेल सोडतं. आपल्या गाड्या शेतातल्या चिखलातून निघतात, त्यामुळे हे आपल्याकडे होणारच. ब्रीदर साफ करायला फार तर दहा मिनिटं लागतात. ते न करता सीलचे आणि मजुरीचे पैसे घेणाऱ्या मिस्त्रीला "ब्रीदर बघितला का?" एवढं नक्की विचारा.

तेल जास्त भरलं असेल तरीही गळतं. गाडी सपाट जागेवर, थंड असताना भरणीचा नट काढा. तेल भोकाच्या खालच्या काठाला लागलेलं हवं, त्यापेक्षा जास्त नको. तेल चहासारखं दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. तापलेली गाडी तशीच ओढ्यात धुवायला घालण्याचा हा प्रसाद. हौसिंग एकदम गार होतं, आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढलं जातं.

सील बदलायचंच असेल तर मिस्त्रीजवळ उभे राहा. चाक जॅकवर उचलून हलवून बघायला सांगा. बेअरिंगला खेळ असेल तर नवं सीलही टिकणार नाही. एक्सल बाहेर काढल्यावर सील जिथे बसतं तिथे नख फिरवा. नख अडकलं तर तिथे खाच पडलीय. सीलची स्प्रिंगची बाजू तेलाकडे हवी, ओठाला तेल लावलेलं हवं, आणि सील सरळ हातोडीने एका कडेला न ठोकता लाकडाचा ठोकळा धरून सारखं बसवायचं. पिनियनचं सील असेल तर नट काढण्याआधी त्यावर खूण करायला लावा. पुष्कळ गाड्यांत तो नट ठरावीक जागेपेक्षा जास्त आवळला की बेअरिंग दाबून जातं आणि गाडी गुणगुणायला लागते. तेल गाडीच्या पुस्तकात दिलेल्या ग्रेडचंच घाला.

तेल प्यायलेले लायनर पेट्रोलने धुऊन किंवा जाळून परत बसवायचे, ही पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. माझा याला ठाम विरोध आहे. वरून कोरडे दिसतात, पण ड्रम तापला की आत मुरलेलं तेल परत वर येतं. लायनर नवेच घ्या, आणि दोन्ही चाकांचे घ्या.

आणि हो, वजन. आरसीवर १३०० किलो असतील तर २० किलोची ६५ कॅरेट झाली, तीही रिकाम्या कॅरेटचं वजन न धरता. आपण भरतो किती, ते तुम्हालाही माहीत आहे. जादा वजनाने धुरा वाकतो, बेअरिंग मरतं आणि पाठोपाठ सील जातं.

म्हणून संचालक मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी एक गोष्ट मांडणार आहे. संकलन केंद्रावर गाडी भरण्याआधी मागची दोन्ही चाकं आतून बघायची. तेल दिसलं तर त्या दिवशी ती गाडी घाट उतरणार नाही, माल दुसऱ्या सभासदाच्या गाडीत जाईल आणि भाडं ठरलेल्या दराने कापलं जाईल. भाव चढलेला असताना गाडी अडवली तर शिव्या मलाच बसतील, याची कल्पना आहे. तुमचं मत, विरोधातलं असलं तरी, याच क्रमांकावर आवाजी संदेशाने पाठवा. गाडी कोण चालवतो, स्वतः की ड्रायव्हर, तेही सांगा.