‘लॉर्ड ऑफ वॉर’ आणि व्यापाऱ्याची सबब

चित्रपटाचा आरंभ एका गोळीच्या प्रवासाने होतो. कारखान्यात ती घडते, खोक्यात भरली जाते, समुद्र ओलांडते, आफ्रिकेतील एका लढवय्याच्या बंदुकीत शिरते आणि अखेर एका लहान मुलाच्या कपाळाचा वेध घेते. वाटेत अनेक हातांनी तिला स्पर्श केलेला असतो. कोणी ती तपासली, कोणी मोजली, कोणी वाहून नेली. त्यांपैकी एकालाही आपण त्या मुलाचे काही वाईट केले असे वाटण्याचे कारण पडत नाही. ‘लॉर्ड ऑफ वॉर’ या चित्रपटाचा सारा आशय या दोन-तीन मिनिटांत सामावलेला आहे.

अँड्र्यू निकोल यांनी लिहून दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २००५ साली प्रदर्शित झाला. युरी ओर्लोव हा त्याचा नायक. ती भूमिका निकोलस केज यांनी केली. युरी मूळचा युक्रेनमधला, न्यूयॉर्कमध्ये वाढलेला, घरच्या उपाहारगृहात रमत नसलेला तरुण. माणसाला अन्न लागते तशीच शस्त्रेही लागतात, हे सूत्र त्याला सापडते आणि तो शस्त्रविक्रीत उतरतो. सोव्हिएत संघ कोसळल्यावर तेथील कोठारे बेवारस होतात. युरी तो माल उचलून आफ्रिकेतील यादवी युद्धांना पुरवतो आणि अपार धन मिळवतो. हे पात्र काल्पनिक असले तरी अनेक खऱ्या दलालांच्या चरित्रांवरून रचलेले आहे. त्यांत व्हिक्टर बूट या रशियन व्यापाऱ्याचे नाव नेहमी घेतले जाते.

या चित्रपटाविषयी प्रेक्षकांत एकमत झाले नाही. रॉजर एबर्ट यांच्यासारख्या नामवंत समीक्षकाने त्याची प्रशंसा केली आणि ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवाधिकार संघटनेने त्याला जाहीर पाठिंबा दिला. उलट, काहींना नायकाचे अखंड निवेदन उपदेशासारखे वाटले. काहींचा आक्षेप असा की, आफ्रिकेतील माणसे येथे केवळ मारणारी किंवा मरणारी म्हणून दिसतात. त्यांना स्वतःचे असे जीवनच नाही. सर्वांत गंभीर आक्षेप मात्र निराळा आहे. युरी आवडतो. तो विनोदी आहे, हुशार आहे, शब्दाला पक्का आहे. त्याच्या युक्तीवर प्रेक्षक हसतो आणि पोलीस मागे लागले की तो निसटावा असेही त्याला वाटते. अशा माणसाला इतके मोहक दाखवणे योग्य आहे काय, असा प्रश्न अनेकांनी विचारला.

हा आक्षेप व्यापारी कुटुंबांनी विशेष लक्ष देऊन तपासावा असा आहे. युरीचा मोह त्याच्या क्रौर्यात नाही. तो कोणावर हात उगारत नाही. त्याची सारी भाषा दुकानदाराची आहे आणि ती परिचित असल्यामुळेच गोड लागते. त्याच्या सबबी मोजक्या आहेत. पहिली, मागणी आहे म्हणून पुरवठा आहे. दुसरी, बंदुकीचा चाप आपण ओढत नाही. तिसरी, आपण विकले नाही तर दुसरा कोणी विकेल. शिवाय सिगारेट आणि मोटारी याहून अधिक माणसे मारतात, आपल्या मालाला निदान सुरक्षेची कळ तरी असते, असेही तो सुनावतो. कोणत्याही बाजारपेठेत, कोणत्याही गादीवर, या सबबी वेगळ्या मालाच्या संदर्भात कधी ना कधी उच्चारल्या गेलेल्या आहेत.

जैन आचारशास्त्राने या सबबींचा विचार फार पूर्वी केला आहे. हिंसा केवळ स्वतः केल्याने लागत नाही. कृत, कारित आणि अनुमोदित, म्हणजे स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि दुसऱ्याने केलेल्या कृत्याला संमती दिलेली, अशी तिची तीन रूपे सांगितली आहेत. चाप आपण ओढला नाही, ही सबब यांपैकी पहिल्यापुरतीच टिकते. उपासकदशांग सूत्रात भगवान महावीरांच्या आनंद श्रावकाची कथा आहे. आनंद हा कोट्यधीश होता. त्याला व्यापार सोडण्यास सांगितलेले नाही. त्या निमित्ताने श्रावकाने टाळावयाचे पंधरा व्यवसाय, म्हणजे पंधरा कर्मादाने, सांगितली आहेत. त्यांतील विषवाणिज्याचा अर्थ हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात विशद करताना विषाबरोबर शस्त्रांचाही समावेश केला आहे. दिगंबर परंपरेत समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात अनर्थदंडाचा ‘हिंसादान’ हा प्रकार येतो. हिंसेची साधने दुसऱ्याच्या हाती देणे हा त्याचा अर्थ. परंपरा दोन, पण निर्णय एकच. साधन पुरवणारा हा हिंसेच्या हिशेबातून वगळला जात नाही.

येथे एक प्रामाणिक अडचण मान्य केली पाहिजे. गृहस्थासाठी शास्त्राने विरोधी हिंसेचा, म्हणजे आत्मरक्षणार्थ घडणाऱ्या हिंसेचा, वेगळा विचार केला आहे. देशाच्या सीमा रक्षणाशिवाय राहत नाहीत आणि सैन्याला शस्त्रे लागतात. म्हणून राज्याचे संरक्षण आणि युरीचा धंदा एका तागडीत घालता येत नाहीत. मात्र चित्रपट राज्यांनाही मोकळे सोडत नाही. सर्वांत मोठे शस्त्रपुरवठादार अमेरिका, ब्रिटन, रशिया, फ्रान्स आणि चीन हेच सुरक्षा परिषदेचे पाच स्थायी सदस्य आहेत, याची आठवण तो शेवटी करून देतो. पुढे २ एप्रिल २०१३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने शस्त्रव्यापार करार १५४ विरुद्ध ३ मतांनी संमत केला. भारतासह २३ देश तटस्थ राहिले. निर्यातदार आणि आयातदार देशांच्या जबाबदाऱ्यांत समतोल नाही, ही भारताची तक्रार होती.

व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिल्यास चित्रपटातील सर्वांत बोधप्रद भाग कागदपत्रांचा आहे. समुद्रात जहाजाचा पाठलाग सुरू होताच युरी त्याचे नाव रंगवून बदलतो. हॉलंडचा ध्वज सापडत नाही, तेव्हा फ्रान्सचा ध्वज आडवा करून फडकवला जातो. लढाऊ हेलिकॉप्टरची शस्त्रे उतरवून तो ते बचावकार्याचे वाहन म्हणून दाखवतो. शस्त्रे निराळ्या बिलावर निराळ्या वाटेने जातात. प्रत्येक कागद आपल्या जागी नीट असतो, आणि एकत्र वाचले तर सारे असत्य असते. आंतरराष्ट्रीय व्यापारात पतपत्राचा, म्हणजे लेटर ऑफ क्रेडिटचा, मूलभूत नियमच असा आहे की बँक कागदपत्रांचा व्यवहार करते, मालाचा नव्हे. व्यवहार सुरळीत चालण्यासाठी तो नियम आवश्यक आहे. परंतु व्यापाऱ्याने तोच नियम स्वतःच्या विवेकाला लावला की युरी जन्माला येतो. माल कोठे जाणार, ज्याने मागवला तोच वापरणार काय, पैसे तिसऱ्याच देशातील तिसऱ्याच नावाने का येत आहेत, हे प्रश्न विचारण्याची जबाबदारी कोणताही शिक्का काढून घेत नाही.

आपल्या समाजासाठी याहून जवळचा धागा हिऱ्यांचा आहे. चित्रपटात सिएरा लिओनमधील सौद्याची किंमत हिऱ्यांत चुकती होते, आणि हे काल्पनिक नाही. तेथील बंडखोर कच्चे हिरे विकून शस्त्रे घेत होते. जुलै २००० मध्ये सुरक्षा परिषदेने त्या देशाच्या सरकारी प्रमाणपत्राविना येणाऱ्या कच्च्या हिऱ्यांवर बंदी घातली. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतील किंबर्ली येथे चर्चा सुरू झाली आणि २००३ पासून कच्च्या हिऱ्यांसाठी किंबर्ली प्रमाणपत्राची व्यवस्था अमलात आली. भारत तिच्यात प्रारंभापासून आहे. जगातील बहुतेक हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या सुरत-मुंबईच्या बाजारात जैन कुटुंबांचा मोठा वाटा आहे, म्हणून या प्रमाणपत्राचे मोल या घरांना सांगावे लागत नाही. तथापि त्याची व्याख्या मर्यादित आहे. बंडखोरांनी युद्धासाठी विकलेल्या कच्च्या हिऱ्यांपुरतीच ती लागू होते. खाणीवरील मजुराचे हाल किंवा सरकारी सैनिकांचा जुलूम तिच्या कक्षेत येत नाही. कागद मिळाला म्हणजे चौकशी संपली, असे येथेही म्हणता येत नाही.

कायदाही हळूहळू या विचारापाशी येत आहे. एप्रिल २०१२ मध्ये लायबेरियाचे माजी अध्यक्ष चार्ल्स टेलर यांना सिएरा लिओनसाठीच्या विशेष न्यायालयाने दोषी ठरवले आणि पुढील महिन्यात ५० वर्षांची शिक्षा दिली. त्यांनी स्वतः कोणाला मारले, असा तो निर्णय नव्हता. गुन्ह्यांना साहाय्य व प्रोत्साहन दिले आणि काहींच्या आखणीत भाग घेतला, असा होता. शास्त्राच्या भाषेत ती कारित हिंसा होय. त्याच एप्रिलमध्ये व्हिक्टर बूट याला अमेरिकेत २५ वर्षांची शिक्षा झाली. डिसेंबर २०२२ मध्ये मात्र एका अमेरिकी खेळाडूच्या बदल्यात त्याला रशियाच्या स्वाधीन करण्यात आले. चित्रपटातील युरीही शेवटी सुटतो, कारण बलाढ्यांना त्याची गरज असते. हा शेवट अनेक प्रेक्षकांना रुचला नाही. दुर्जनाला शिक्षा होऊन पडदा पडावा, ही अपेक्षा स्वाभाविक आहे.

पण युरीला शिक्षा झालेली नाही, हे खरे नव्हे. सिएरा लिओनच्या त्या सौद्यात त्याचा धाकटा भाऊ विताली शेजारच्या छावणीतील निर्वासितांकडे पाहतो आणि मालाचा एक ट्रक उडवून देतो. त्याला गोळ्या घातल्या जातात. भावाचे प्रेत बाजूला असताना युरी उरलेल्या ट्रकचे अर्धे हिरे स्वीकारतो आणि सौदा पुरा करतो. पत्नी मुलाला घेऊन निघून जाते. आई आपले दोन्ही मुलगे गेले असे समजते. न्यायालयाच्या दारातून सुटलेला हा माणूस ज्या घरासाठी सारे केले असे म्हणत होता, त्या घरात परतू शकत नाही.

चित्रपटात हिंसा, व्यसने आणि अप्रशस्त दृश्ये आहेत. लहान मुलांसमवेत तो पाहू नये. परंतु ज्या घरातील मुलगा किंवा मुलगी नुकतीच पेढीवर बसू लागली आहे, तेथे वडीलधाऱ्यांनी तो त्यांच्यासह अवश्य पाहावा. पाहून झाल्यावर युरी चांगला की वाईट, या चर्चेत फार वेळ घालवू नये. आपण विकले नाही तर दुसरा विकेल, हे वाक्य आपल्या पेढीवर शेवटचे कोणत्या मालाविषयी उच्चारले गेले, एवढेच एकमेकांना विचारावे. उत्तर देताना वडीलधारी मंडळी प्रथम बोलली, तर मुलांना बोलणे सोपे जाईल.