अंतराळातून वीज : वायरशिवाय येईलही, पण परवडेल का?

अंतराळात सौर पॅनेल उभारायचे, तिथली वीज मायक्रोवेव्हच्या रूपात पृथ्वीवर पाठवायची. अमेरिकन अभियंते पीटर ग्लेझर यांनी १९६८ मध्ये मांडलेली ही कल्पना पुन्हा चर्चेत आहे. २०२३ मध्ये कॅलटेक संस्थेने अंतराळात वायरशिवाय ऊर्जा पाठवण्याचा छोटा प्रयोग केला. जानेवारी २०२४ मध्ये नासाने खर्चाचा हिशेबही मांडला.

किती वीज वाया जाते?

इथे तीन टप्प्यांवर गळती होते. विजेचे मायक्रोवेव्ह करताना, झोत हवेतून येताना आणि जमिनीवरच्या 'रेक्टेना' या अँटेनात त्याची पुन्हा वीज करताना. समजा या टप्प्यांची कार्यक्षमता अनुक्रमे ७५, ९० आणि ८० टक्के आहे. गुणाकार केल्यावर हाती ५४ टक्केच उरतात. १९७५ मध्ये विल्यम ब्राउन यांनी प्रयोगशाळेत एवढीच कार्यक्षमता गाठली होती.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोन इथे दीड किलोमीटरवर ३० किलोवॅटहून जास्त वीज पोहोचली. तिथला ८० टक्क्यांहून अधिकचा आकडा वारंवार सांगितला जातो. पण तो फक्त रेक्टेनावर पडलेल्या ऊर्जेचा आहे. बाजूला सांडलेली ऊर्जा त्यात धरलेली नाही. त्यामुळे असा आकडा वाचताना तो कुठून कुठपर्यंतचा आहे, हे आधी पाहायला हवं.

एवढी मोठी अँटेना कशाला?

टॉर्चच्या उजेडासारखा हा झोतही पसरतो. २.४५ गिगाहर्ट्झच्या लहरींना ढग-पावसाचा फारसा अडथळा होत नाही, पण त्यांची लांबी १२ सेंटीमीटर असते. ३६ हजार किलोमीटर उंचीवर एक किलोमीटर रुंदीची अँटेना लावली, तरी जमिनीवर झोत सुमारे १० किलोमीटर पसरतो. म्हणूनच अमेरिकेच्या १९७०च्या दशकातल्या आराखड्यात ५ गिगावॅटसाठी १० बाय १३ किलोमीटरचा रेक्टेना होता. लहान प्रकल्पाने सुरुवात करणं इथे जमत नाही, ते यामुळेच.

मग युनिट कितीला पडेल?

नासाने २०५० मधल्या २ गिगावॅटच्या दोन प्रकल्पांचा अंदाज बांधला. एका युनिटचा खर्च आला ६१ सेंट आणि १.५९ डॉलर, म्हणजे त्यावेळच्या दराने सुमारे ५० आणि १३० रुपये. जमिनीवरच्या स्वच्छ विजेसाठी हाच अंदाज २ ते ५ सेंट होता.

यात सर्वात मोठा वाटा आहे सामान अंतराळात नेण्याचा. प्रक्षेपण, उत्पादन, उपकरणांचं आयुष्य अशा सगळ्याच बाबतीत मोठी सुधारणा झाली, तर दर ३ ते ८ सेंटवर येऊ शकतो, असंही नासा म्हणते.

थोडक्यात, वीज वायरशिवाय पाठवता येते हे सिद्ध झालं आहे. खरी स्पर्धा आहे जमिनीवरच्या सौर पॅनेल आणि बॅटरीशी, आणि त्या दोन्हींच्या किमती गेल्या दशकात झपाट्याने उतरल्या आहेत. अंतराळातल्या विजेला रात्रंदिवस मिळण्याचा फायदा आहे. त्या फायद्यासाठी किती जादा पैसे मोजायचे, हे सरकारांना ठरवावं लागेल.