पोट मागायला कोणी आलं तर

माळेगाव बुद्रुक आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या कर्त्या माणसांना, त्यातही सासवांना, ही कळकळीची विनंती. परदेशातल्या नातेवाइकांना मूल होत नाही, तेव्हा आपल्या घरातल्या सुनेनं ते पोटात वाढवून द्यावं, अशी बोलणी निघाली तर आधी तिच्या विश्वासातल्या माणसाला तिला एकटीला बसवून विचारायला सांगा. नवऱ्यासमोर नको, तुमच्यासमोर तर नकोच. चारचौघांत मान खाली घालून दिलेला होकार धरू नका.

पैसे घेऊन पोट भाड्यानं देण्याचा, म्हणजे पैशांच्या सरोगसीचा, व्यवहार २०२२ च्या जानेवारीपासून गुन्हा आहे. परदेशी जोडप्यांसाठी ही वाट २०१५ मध्येच बंद झाली. भारतीय वंशाच्या परदेशी जोडप्यालाही आधी सरोगसी मंडळाची शिफारस लागते. समृद्धी पोरे यांच्या ‘मला आई व्हायचंय’ सिनेमात परदेशी बाई मूल नाकारून निघून जाते आणि ते गावातल्या बाईच्या पदरी राहतं. आज बाळात व्यंग निघालं तरी जोडप्याला ते नाकारता येत नाही. पण बाईचं काय? २०१५ च्या एप्रिलमध्ये नेपाळात भूकंप झाला, तेव्हा तिथे सरोगसीतून जन्मलेली इस्रायली जोडप्यांची नवजात बाळं विमानानं सुखरूप नेली गेली. त्यांना जन्म देणाऱ्यांत कितीतरी भारतीय बायका होत्या. त्या मागेच राहिल्या.

अडचणीतल्या बाईच्या शरीराचा असा सौदा आपल्यापासून लांबचा आहे असं समजू नका. गळीत हंगामात बीडकडून कोयते येतात, कोप्या पडतात. तिकडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं २०१९ मध्ये उघड झालं आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. खाडा झाला की मजुरी बुडते, दंड बसतो, या धास्तीनं कित्येकींनी तरुण वयात ऑपरेशन करून घेतलं. त्यांनीही कागदावर सही केलीच होती. उचल फिटलेली नसताना माणूस कशालाही हो म्हणतो. म्हणून कोपीवर कोणी दलाल पैशांची भाषा करत आला, तर त्याला तिथेच अडवा आणि पोलिसांना कळवा.

बाईच्या हाती कायद्यानं बरंच दिलं आहे. मूल पोटात वाढवणारीचं वय २५ ते ३५ हवं, तिचं लग्न झालेलं हवं, तिला स्वतःचं मूल हवं, आणि हे आयुष्यात एकदाच करता येतं. ३६ महिन्यांचा विमा जोडप्यानं काढायचा. गर्भ पोटात सोडेपर्यंत तिला माघार घेता येते. गर्भपाताची जबरदस्ती कोणालाच करता येत नाही. पैशांचा व्यवहार झाल्याचं निघालं, तर तिच्यावर नवऱ्यानं किंवा नातेवाइकांनी दडपण आणलं असंच कोर्ट धरून चालतं. तसं नव्हतं हे त्यांनी सिद्ध करायचं.

मूल नसलेल्या जोडप्याचं दुःख मला खोटं वाटत नाही. लोकांची बोलणी खाऊन ती माणसं खचलेली असतात. त्यांना दत्तकाचा मार्ग सांगा. परदेशात राहणाऱ्यांनाही ‘कारा’ या केंद्रीय संस्थेमार्फत रीतसर मूल दत्तक घेता येतं. पण त्यांच्या दुःखाची भरपाई भावजयीनं किंवा नणंदेनं स्वतःच्या शरीरानं करावी, हे मला पटत नाही. नात्यात पैसे नसतात, म्हणून तिथे नाही म्हणणं जास्त जड जातं.

एवढं करूनही ती स्वतःहून तयार असेल, तर संमतीपत्र तिला कळेल अशा भाषेत मागून घ्या. तिच्या माहेरच्या एखाद्या माणसाला सोबत न्या, डॉक्टरांना धोके विचारा. कागद मराठीत मिळेपर्यंत तिला सही करायला लावू नका.